आग्रह आवरा!

तुमच्या गावातल्या मराठी मंडळाच्या यादीवर नाव असेल, तर ती ईमेल तुम्हाला ठाऊक आहे. विषयाच्या ओळीत 'तातडीने मदत हवी आहे'. आत समुद्रकिनाऱ्यावरचा हसरा कौटुंबिक फोटो. वय ४३, नाहीतर ४६. 'कसलंही व्यसन नव्हतं', 'जाड तर मुळीच नव्हते', 'झोपेतच हार्ट अटॅक आला'. मागे बायको, दोन लहान मुलं आणि तळाशी पैसे पाठवायची लिंक. आपण हळहळतो, शंभर डॉलर पाठवतो, घरात एकमेकांना 'एकदा चेकअप करून घे बरं' म्हणून बजावतो. आणि त्याच शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बटाटेवड्यांचा ट्रे तिसऱ्यांदा समोर आला, की 'अहो, एकाने काय होतंय' या वाक्याला बळी पडतो. किंवा ते वाक्य आपणच म्हणतो.

परदेशात कर्त्या माणसाचं आजारपण नुसतं आजारपण नसतं. त्याच्या किंवा तिच्या नोकरीला घरादाराचा आरोग्यविमा बांधलेला असतो, जोडीदाराचा इथे राहायचा हक्क त्या व्हिसाला बांधलेला असतो. ज्यांचं ग्रीन कार्ड रांगेत अडकलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पुण्या-नाशकात असं काही झालं तर भाऊ, वहिनी, मावशी, शेजारी धावत येतात. इथे मंडळाची ईमेल येते. म्हणून मी वजन या विषयावर लिहिते आहे. लग्नात साडी चापूनचोपून बसावी म्हणून नव्हे.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात स्नायूंच्या चयापचयावर पोस्टडॉक संशोधन करते. डॉक्टरेट आहे, पण मी रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण दर कार्यक्रमात कुणीतरी काका मला बाजूला घेऊन फोनवर रक्ताचा रिपोर्ट दाखवतातच. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: वजन कमी करण्याबद्दल आपण जे काही बोलतो, ते जवळजवळ सगळं एकट्या माणसाबद्दल असतं. त्याचा निश्चय, त्याचं डाएट, त्याचं जिम. पण आपली पोटं आपण एकेकट्याने वाढवलेली नाहीत. ती आपण सगळ्यांनी मिळून, एकमेकांना आग्रह करकरून वाढवली आहेत. तेव्हा ती कमी करण्याचं कामही एकट्यावर ढकलून चालणार नाही.

आधी एक भ्रम दूर करू. 'मी कुठे जाड आहे?' हा आपला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात धोकादायक प्रश्न आहे. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एक फोटो छापला. दोघेही सडपातळ, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाट्याच्या लेखी दोघं जुळे भाऊ, आतून मात्र वेगळेच. याज्ञिकांच्या चमूने पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोची. पण आपल्या बाळांची चरबी त्या मानाने जपलेली होती. कमी पडले होते ते स्नायू. म्हणजे 'बारीक पण चरबीदार' हा प्रकार आपण जन्मतःच घेऊन येतो. त्यात मग अमेरिकेतलं खुर्चीतलं आयुष्य मिसळतं.

स्नायू कमी असण्याचा आणि साखरेचा संबंध काय? जेवल्यावर रक्तात जी साखर चढते, ती इन्शुलिनच्या सांगण्यावरून उचलून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात. स्नायू हे साखरेचं गोदाम आहे. गोदाम लहान, त्यात ते वापरातून रिकामं होत नाही, आणि माल मात्र दर दोन तासांनी येतोय. मग जास्तीचा माल यकृतात आणि पोटातल्या अवयवांभोवती चरबी म्हणून साचतो. ही चरबी हाता-मांड्यांवर दिसत नाही. शर्ट सैल असेल तर ती कुणालाच दिसत नाही.

शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या दक्षिण आशियाई लोकांचा 'मसाला' नावाचा दीर्घकालीन अभ्यास २०१० मध्ये सुरू झाला. त्यातून २०१७ साली आलेला एक आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा असा आहे. ज्यांचं वजन 'नॉर्मल' होतं, अशा दक्षिण आशियाई लोकांपैकी ४३.६ टक्के जणांमध्ये रक्तदाब, साखर, ट्रायग्लिसराइड्स, चांगलं कोलेस्टेरॉल यांपैकी निदान दोन गोष्टी बिघडलेल्या होत्या. गोऱ्या लोकांमध्ये हेच प्रमाण २१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ सालीच आशियाई लोकांसाठी २५ ऐवजी २३ बीएमआयपासून सावध व्हा असं सुचवलं होतं. अमेरिकन डायबिटीस असोसिएशन २०१५ पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेहाची तपासणी २३ पासूनच करायला सांगते. तुमच्या डॉक्टरला हे माहीत असेलच असं धरून चालू नका; तुम्ही विचारा. आणि घरी शिवणकामाची टेप असेल तर ती कमरेभोवती, बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता लावा. पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर, बायकांसाठी ८०. त्याच्या वर असाल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. खाली असाल तर तुम्ही यजमान म्हणून वाचा.

आता आपल्या आवडत्या भांडणाकडे वळू. दीक्षित की दिवेकर? दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवायचं, की थोडं थोडं, घरचं, तुपासकट, दिवसभरात विभागून खायचं? या प्रश्नावर व्हॉट्सअ‍ॅप गट फुटले, नवरा-बायकोत अबोला झाला. मला दोघांबद्दल आदर आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी लाखो मराठी माणसांना चालायला लावलं आणि बिस्किटांचा पुडा बाजूला ठेवायला लावला. ऋजुता दिवेकरांनी आपल्याच भाकरी-वरण-भाताबद्दल वाटणारा न्यूनगंड घालवला. पण आपण या दोघांना दोन क्रिकेट संघ केलं, आणि संघाला टाळ्या वाजवणं म्हणजेच व्यायाम अशी समजूत करून घेतली.

२०१८ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ लोकांना वर्षभर दोन गटांत ठेवलं: एक कमी चरबीच्या आहाराचा, दुसरा कमी पिठूळ आहाराचा. वर्षाअखेरीस एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ६ किलोने. फरक नगण्य. मात्र प्रत्येक गटाच्या आत काहींचं वजन चांगलंच उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. दोन्ही गटांना सांगितलेल्या काही गोष्टी सारख्याच होत्या: भाज्या भरपूर, साखर आणि मैदा कमी, शक्यतो घरी रांधलेलं. तेव्हा तुम्ही कोणत्या संघात आहात हा प्रश्न सोडून द्या. दोन वेळा जेवा किंवा चार वेळा. तुम्हाला वर्षानुवर्षं पेलेल ती पद्धत निवडा. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेत असाल तर आधी डॉक्टरशी बोला, औषध तेच ठेवून जेवणाच्या वेळा कमी केल्या तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.) पण कोणतीही पद्धत शनिवारच्या पार्टीपुढे टिकत नाही, आणि त्या पार्टीबद्दल कुणी बोलत नाही.

मी बोलते. आमंत्रण साडेसहाचं. माणसं जमतात साडेसातला. मग 'स्टार्टर्स': समोसे, ढोकळा, वडे, चिप्स, मुलांसाठी पिझ्झा, आणि घोटाघोटाला मँगो लस्सी. गप्पा रंगतात, पत्ते निघतात. जेवण साडेनऊला. पुऱ्या, दोन भाज्या (त्यातली एक बटाट्याची), छोले, पुलाव, पुन्हा वरण-भात, कारण 'वरण-भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही'. साडेदहाला गुलाबजाम आणि आम्रखंड. अकराला चहा. निघताना दह्याच्या रिकाम्या डब्यांतून उरलेलं सगळं घरोघर, म्हणजे रविवारचीही सोय झाली. दोन समोसे, दोन गुलाबजाम आणि एक पेला लस्सी यांच्याच अंदाजे हजार कॅलरी होतात, आणि अजून जेवण मोजलेलं नाही. ७० किलोच्या माणसाने एक किलोमीटर चाललं की साधारण ५०-६० कॅलरी जळतात. म्हणजे नुसत्या स्टार्टर आणि गोडाच्या वसुलीसाठी १७ ते २० किलोमीटर चालायला हवं. रविवारी तुम्ही किती चालता?

'पण मग खाऊ नये ना माणसाने, कुणी बळजबरी केली आहे का?' हा युक्तिवाद मला फार ऐकू येतो. बहुधा वाढणाऱ्याच्या तोंडून. यावर २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केलेला एक प्रयोग पाहा. २० माणसांना महिनाभर तिथेच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनवलेलं अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं रांधलेलं. समोर मांडलेल्या दोन्ही प्रकारांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू सारखेच. हवं तेवढं खा, सक्ती नाही. तीच माणसं पहिल्या प्रकारात दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन ०.९ किलोने वाढलं. त्यांचा निश्चय त्या पंधरा दिवसांपुरता कमकुवत झाला नव्हता. बदललं होतं फक्त समोरचं ताट. माणूस किती खातो हे बरंचसं त्याच्यासमोर काय ठेवलंय यावर ठरतं. आणि समोर काय ठेवायचं हे आपल्या समाजात यजमान ठरवतो. ही जबाबदारी यजमानाला झटकता येणार नाही.

इथे संस्कृतीचा मुद्दा हमखास निघतो. 'आपल्या परंपरेत अतिथीला पोटभर वाढतात.' वाढतात ना! पण परंपरेचं ताट जरा आठवून पाहा. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधोमध भाताची मूद. ज्या कुणी हे ताट मांडलं त्याने डाव्या-उजव्या बाजूंचा हिशेब ठेवला होता. आपण परदेशात आलो, अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे ओळीने मांडले आणि डावी बाजू गाळून टाकली. कोशिंबीर असलीच तर ओळीच्या शेवटी, जिथे पोचेपर्यंत कागदी ताटलीत जागाच उरत नाही. श्रीखंडात जेवढा चक्का तेवढी साखर हे प्रमाण ज्या घरांतून आलं, त्या घरांत श्रीखंड गुढीपाडव्याला व्हायचं, फार तर दसऱ्याला. आपण पाडवा दर शनिवारी साजरा करतो आणि त्याला परंपरा म्हणतो.

उपासाचंही तेच. एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे, डॉक्टरांनी नाही. आणि ज्या साबुदाण्याच्या खिचडीला आपण सनातन मानतो, ती पाहा: साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेतला, बटाटा दक्षिण अमेरिकेतला, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीसुद्धा अमेरिका खंडांतूनच आलेली. पोर्तुगीज जहाजं आपल्या किनाऱ्याला लागण्याआधी हे ताट अस्तित्वातच नव्हतं. मी खिचडीची शत्रू नाही, गरम खिचडी मलाही आवडते. सांगायचं एवढंच, की परंपरा आपण सोयीने बदलत आलो आहोत. चार-पाचशे वर्षांत इतकं बदललं, तर शनिवारच्या मेनूतला एक तळलेला पदार्थ कमी केल्याने धर्म बुडणार नाही.

मग आजोबा येतात. 'आमचे आजोबा पुरणपोळीवर वाटीभर तूप ओतून घ्यायचे, नव्वद वर्षं जगले.' तुमचे आजोबा शेतावर चालत जायचे, विहिरीचं पाणी शेंदायचे आणि वर्षातून चार-सहा वेळा पुरणपोळी खायचे. शिवाय ज्यांचे आजोबा ५५व्या वर्षी गेले, ते लोक पार्टीत आजोबांची गोष्ट सांगत नाहीत. आपल्या कानावर फक्त नव्वदीपर्यंत पोचलेले आजोबा पडतात.

आग्रहाचा आणखी एक चेहरा आहे, आणि तो बायकांना चांगला ओळखू येईल. त्याच पार्टीत, त्याच स्वयंपाकघरात, एकीला 'अगं घे गं, तुला काय, काडी आहेस नुसती' म्हणतात आणि दुसरीला 'जरा भरलेली दिसतेस हं' म्हणतात. मग तिच्याच ताटलीत आणखी एक पोळी टाकतात. घेतली तर वजन, नाही घेतली तर 'आमच्याकडे काही आवडलं नाही वाटतं'. लाजेने वजन उतरत नाही. लाजलेला माणूस चारचौघांत कमी आणि एकटा असताना जास्त खातो, व्यायामाला जायला संकोचतो, डॉक्टरकडे जाणं टाळतो. आणि यजमानीण? ती गुरुवारपासून रांधत असते, कारण मागच्या वेळी वहिनींनी चौदा पदार्थ केले होते. नोकरी, मुलं सांभाळून तीन रात्री कमी झोपून तिने हा घाट घातलेला असतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, रोज साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी ज्यांची झोप तासाभराहून थोडी अधिक वाढवली, ते दिवसाला सरासरी २७० कॅलरी आपसूक कमी खाऊ लागले. कुणी त्यांना डाएट दिलं नव्हतं. आपल्या पार्टीची पद्धत खाणाऱ्याचं पोट वाढवते आणि रांधणारीची झोप खाते. यात सुखी कोण होतं?

आता व्यायाम. आपल्याकडे व्यायाम म्हणजे घड्याळातली दहा हजार पावलं किंवा वर्षातून एकदा मंडळाची पाच किलोमीटरची दौड, जिच्यानंतर लगेच मिसळ असते. चालणं चांगलंच आहे. जेवणानंतर १५ मिनिटं चाललात तर त्या जेवणाने चढणारी साखर कमी चढते, आणि यासाठी बूटसुद्धा बदलावे लागत नाहीत. पण मघाशी सांगितलेलं गोदाम आठवा. ते मोठं करायचं तर स्नायूंवर भार पडायला हवा: आठवड्यातून दोनदा बैठका, दंड, वजनं उचलणं, जिने चढणं. आखाडे आणि सूर्यनमस्कार ज्या मातीत झाले तिथल्या लोकांना हे परकं वाटू नये. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटतच जातात, त्यामुळे साठीतल्या काकूंना वजनं उचलण्याची गरज तिशीतल्या मुलापेक्षा जास्त आहे. आणि स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. पोहे, उपमा, साबुदाणा, पोळी-बटाटा यांवर दिवस काढून ती मिळत नाहीत. अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८-२० ग्रॅम, तेवढ्याच ग्रीक योगर्टमध्ये १० ग्रॅमच्या आसपास. मटकीची उसळ, मूग, पिठलं, मासे, चिकन, टोफू यांपैकी काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच. वाटीभर पातळ वरणाला आपण प्रथिन समजतो, पण त्यात पाणी जास्त आणि डाळ कमी असते.

'पण आमच्या रक्तातच साखर आहे, आनुवंशिक आहे हो, काय करणार?' बरंच करता येतं. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांना दोन उद्दिष्टं दिली होती: वजनाचे ७ टक्के उतरवा आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करा. ८० किलोच्या माणसाला हे साडेपाच किलो आणि दिवसाला वीस-बावीस मिनिटं झाले. एवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. 'ते गोऱ्यांचं झालं' म्हणाल, तर त्या प्रयोगात गोरे नसलेलेही भरपूर होते, आणि चेन्नईतल्या डॉक्टरांनी आपल्या लोकांवर असाच प्रयोग करून २००६ साली २८.५ टक्के घट दाखवली. तीही वजन फारसं न हलता! पण या प्रयोगांतली एक गोष्ट आपण विसरतो. त्यात माणसांना कागदाचा तक्ता देऊन घरी पाठवलं नव्हतं. अमेरिकेतल्या प्रयोगात प्रत्येकामागे एक मार्गदर्शक होता, सोळा धडे होते, वारंवार भेटी होत्या. एकट्याचा निश्चय हा त्या यशाचा एक भाग होता, सोबत हा दुसरा. आपल्याकडे सोबत भरपूर आहे. दर शनिवारी ३०-४० माणसं जमतात. फक्त ती सोबत उलट्या दिशेने ओढते.

नव्या इंजेक्शनांबद्दलही बोलायला हवं, कारण हल्ली निम्म्या गप्पा त्यांच्याच असतात. ती घेणाऱ्यांना आळशी म्हणणं बंद करा. सेमाग्लुटाइडच्या २०२१ सालच्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. अनेकांसाठी हे औषध खरंच वरदान आहे आणि ते घ्यायचं की नाही हे त्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी ठरवावं. पण त्याच चाचणीतल्या ज्या लोकांवर पुढे लक्ष ठेवलं, त्यांचं औषध थांबल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं. उतरणाऱ्या वजनात चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे ते आधीच तुटपुंजे. म्हणजे इंजेक्शन घेणाऱ्यालाही उसळ, वजनं आणि समजूतदार यजमान लागतातच.

तेव्हा तक्रार पुरे. माझ्या मागण्या साध्या आहेत आणि त्या तुमच्याकडे आहेत, सरकारकडे नाहीत.

पहिली: जेवण सात वाजता. मंडळाच्या कार्यक्रमात आधी जेवण, मग नाटक. आमच्या इथल्या मंडळात मी हे सुचवलं तेव्हा उत्तर मिळालं, 'मग लोक जेवून निघून जातील.' जातील तर जाऊ देत! जेवणाच्या आमिषाने रात्री दहापर्यंत खुर्चीत बांधून ठेवावं लागत असेल, तर चूक नाटकाच्या निवडीत आहे.

दुसरी: एक तळलेलं, एक गोड. दोन नाही, तीन तर नाहीच. ओळीत सगळ्यात आधी कोशिंबीर आणि उसळ, सगळ्यात शेवटी पुरी आणि भात. पॉटलकची यादी करताना 'कोण काय गोड आणणार' याऐवजी 'कोण कोशिंबीर आणणार' हे आधी भरा. पाण्याचा जग लस्सीच्या पुढे ठेवा.

तिसरी: एकदा विचारा. 'आणखी वाढू का?' या प्रश्नाला 'नको' हे पूर्ण उत्तर आहे. 'नको'चा अर्थ 'लाजतोय' असा लावायची सवय दुष्काळाच्या आणि टंचाईच्या काळातली आहे. तेव्हा दुसऱ्यांदा विचारणं माणुसकीचं होतं, कारण पाहुणा खरंच भुकेला असायचा. आज तुमच्या दारात गाडी लावून आलेला पाहुणा भुकेला नाही. त्याच्या 'नको'चा मान राखणं हाच आजचा पाहुणचार.

चौथी: कुणाच्याही शरीरावर शेरा नको. जाड झालीस नको, बारीक झालीस नको, 'काय रे, शुगर वगैरे नाही ना?' तर अजिबात नको.

पाचवी: जेवणानंतर सगळ्यांनी मिळून १५ मिनिटं बाहेर. यजमानासकट, आजीसकट. पत्ते थांबतील. थंडी असेल तर कोट आहेत. ते आपण हौसेने घेतलेच आहेत.

आणि सहावी मंडळाच्या कार्यकारिणीला: तुमच्या सभासदांत किमान पाच-सहा डॉक्टर आणि नर्स असतील. वर्षातून एकदा, संक्रांतीला किंवा गणपतीत, सभागृहाच्या एका कोपऱ्यात टेप, रक्तदाबाचं यंत्र आणि साखर मोजायची पट्टी घेऊन त्यांना बसवा. जो बारीक दिसतो त्याला आधी बोलवा.

'एवढं सगळं केलं तर मजा काय राहिली?' असं म्हणणारे तुमच्याकडेही असतील. त्यांना विचारा, मागच्या दहा पार्ट्यांपैकी तुम्हाला काय आठवतं? कुणी गायलेलं गाणं आठवेल, कुणाची फजिती आठवेल, रात्री उशिरा कुणी मोकळेपणी सांगितलेलं दुःख आठवेल. तिसऱ्या समोशाची चव कुणालाच आठवत नाही. आपण घर सोडून इतक्या लांब येऊन एकमेकांना शोधलं ते माणसांसाठी. ती माणसं साठीत, सत्तरीत आपल्यासमोर हवी असतील तर त्यांना आज थोडं कमी वाढणं हे प्रेमाचंच काम आहे.

पुढच्या शनिवारी तुमच्याकडे माणसं येणार असतील, तर यादी आजच बदला. समोसे कापा, मटकी भिजत घाला, आमंत्रणात 'जेवण सात वाजता' असं स्पष्ट लिहा. पहिल्यांदा लोक हसतील. दोघं-तिघं उशिरा येऊन उरलेलं खातील. तिसऱ्या वेळेपर्यंत कुणीतरी वहिनी हळूच म्हणतील, 'बरं झालं बाई, मलाही हेच हवं होतं, पण आधी करायचं कुणी?'

तुम्ही करा.